लाकडी चाबी

१

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. पहाटे न्हाऊन मी चौरंग पुसला, कलशात पाणी भरलं, पाच डहाळ्या लावल्या. नारळाला कुंकू वाहत होते, तेवढ्यात मागून सुरभी आली.

"आई, ती पेटी दे न. आज शेवटचा खेळ हाये. कपिलची पुठ्ठ्याची पेटी मागच्या शाळेतल्या पोट्ट्याइनं पार चेंदून टाकली."

"देवाची पेटी हाये ते."

"मंग बरंच हाये. देव बी खेळंल पोरायसंगं."

माझी लेक सुरभी दारव्ह्याला डी.एड. करत होती. तिनं, वर्गातल्या कपिलनं आणि तांड्यावरच्या जयानं मिळून प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी एक खेळ रचला होता. नाव ठेवलं होतं 'सुटकेची खोली'. सहा-सहा मुलं एका खोलीत जायची. बाहेरून कुलूप लागायचं. आत पाच चिठ्ठ्या लपवलेल्या. एकीत तराजूचं गणित, एकीत घड्याळाचं, एक आरशात धरून वाचायची. उत्तर आलं की एकेक नंबरवालं कुलूप उघडायचं. शेवटच्या पेटीत एक लाकडी चाबी असायची. ती दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवली की बाहेरच्या माणसानं खरी चाबी लावायची. अर्ध्या तासाचा खेळ. नऊ शाळा झाल्या होत्या, दहावी आमच्याच गावची. पुण्याच्या एका संस्थेनं सुरभीला सांगितलं होतं, दहा शाळा पूर्ण करा आणि दोन वर्षांसाठी आमच्याकडे कामाला या. आज संध्याकाळी फोन येणार होता.

मी पेटी रिकामी केली. सागाची, हातभर लांब, पितळी कडीची. आतली पोथी काढून चौरंगावर ठेवली आणि लाल फडक्यातलं संकल्पाच्या सुपारीचं गाठोडं देवघराच्या कोनाड्यात. हे मला पक्कं आठवतं. गाठोडं कोनाड्यात ठेवलं, वर फूल ठेवलं.

मग सुरभीची पिवळी ओढणी खांद्यावरून घसरत होती म्हणून माझ्या बांगडीतली लाल मण्याची पिन काढून तिला लावली. "टोचते न आई," म्हणाली. "टोचली तर टोचली, पण सुटाची नाही," मी म्हणाले.

आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की हे गुरुवार मी सुरभीच्या पुण्यासाठी धरले. सुरभीलाही तेच ठाऊक. मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, माझी आई माझ्यासाठी उपाशी राहते म्हणून. पण पहिल्या गुरुवारी सुपारी मुठीत धरून, पेटीच्या झाकणाशी तोंड नेऊन मी बोलले ते दुसरंच होतं. माय, माझं लेकरू इथंच राहू दे. एवढंच. संकल्प बोलून दाखवायचा नसतो, त्यामुळे कुणी विचारलंही नाही, आणि मला खोटं बोलावं लागलं नाही.

२

शाळेची ती मागची खोली जुनी, टिनाची. शेजारीच नवीन खोली मंजूर झालेली, म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत ही पाडायची होती. आत पूर्वी पोषण आहाराची पोती ठेवत, त्यामुळे तांदळाचा आणि उंदरांचा वास भिंतीत मुरलेला. एकच दार, मागे एकच गजाची खिडकी. आतलं बाहेरून दिसू नये म्हणून कपिलनं खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं होतं आणि एक कोपरा फाडून स्वतःपुरती फट ठेवली होती.

हेडमास्तर मारोतराव सरांची अट होती. लेकरं कोंडायची तर मोठं माणूस चाबी घेऊन दारातच बसलं पाहिजे. ते काम माझं. व्हरांड्यात चटई टाकून, पोथी मांडीवर आणि चाबी मुठीत घेऊन मी बसले.

सुरभीनं मुलांना ओळीत उभं केलं. "ऐका रे. भेव वाटला, पाणी पायजे, काई बी झालं, तर दार तीनदा वाजवाचं. बाहेर माही आई बसली हाये. तीनदा वाजवलं की ते उघडतेच. मंग खेळ गेला चुलीत."

"नक्की उघडन का?" चौथीतली अपेक्षा म्हणाली. दोन वेण्यांची, डोळे बारीक करून बघणारी पोर.

"माही आई हाये ते," सुरभी म्हणाली. "तिच्यावर भरोसा नाही तर कोनावर ठेवाचा?"

पहिले सहा आत गेले. मी कुलूप लावलं. कपिल खिडकीशी, जया वर्गावर, आणि सुरभी माझ्या शेजारी खांबाला टेकून मोबाइलवर वेळ लावून बसली. आतून कालवा सुरू झाला. "ओय, तूर तोल न!" "साडेचार वाजले बे, साडेपाच नाही!" मला हसू येत होतं. एक कुलूप, दोन, तीन. मी कुलपांचा खटका मोजत पोथी वाचत होते.

पाचवा खटका झाला. आता लाकडी चाबी यायची. आली नाही. आतलं बोलणं एकदम खाली गेलं, आणि एक पोरगं अडखळत वाचू लागलं.

"आईनं... किती... गुरुवार... धरले?"

"चार!" सगळे ओरडले.

सहावा खटका झाला. मग फटीतून लाकडी चाबी सरकत बाहेर आली.

मुलं हसत, घामाघूम होऊन सुटली. मी सुरभीला म्हटलं, "माहं नाव कायले घातलं व त्या चिठ्ठीत?"

"कोन्त्या चिठ्ठीत?"

"गुरुवारची. सहावी."

"आई, पाचच हायेत." ती मोबाइलमध्येच बघत होती. "उपासानं चक्कर आली का तुले?"

मी त्या वाचणाऱ्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "चिठ्ठी सुरभीताईनं देल्ली न, काकू. वाचली की परत घेतली."

"सुरभीताई तर हे इथं बसली होती."

त्यानं सुरभीकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे, आणि खांदे उडवून पाण्याच्या टाकीकडे पळाला. कपिल म्हणाला, "काकू, मी फटीतून पाहूनच राह्यलो होतो. आत पोट्ट्यायबिगर कोनीच नोहतं."

लेकरांना सगळ्या ताया सारख्याच दिसतात, मी मनाला सांगितलं. जयानं गंमत केली असेल. गावात कुणाला माझे चार गुरुवार ठाऊक नाहीत?

३

दुसरी तुकडी आत जाईपर्यंत ऊन व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आलं होतं. सहा मुली. कुलूप लावताना मी खोलीवर एकदा नीट नजर टाकली. बाक, तराजू, भिंतीवरचं पुठ्ठ्याचं घड्याळ, मधोमध माझी पेटी. दुसरं काही नाही.

जया माझ्याजवळ येऊन टेकली. "मावशी, सुरभीचं पुण्याचं पक्कं झाल्यासारखंच हाये. तुमाले करमन का?"

"करमून घ्या लागते, बाई."

"माही याडी तर म्हणते, लेकी, तू बी जा, तुले कोनं बांधून ठेवलं." हसली ती. पोथीची ओळ बोटाखाली धरून मी नुसती बसले.

सुरभी तेव्हा नळावर पाणी पीत होती. हे मी तीनदा आठवून पाहिलं आहे. शाळेचा नळ दारासमोरच आहे. ती वाकली होती, ओंजळीनं पीत होती, आणि पिनेचा लाल मणी उन्हात चमकत होता.

पाचवा खटका झाला. मग अपेक्षाचा आवाज आला. ती छान वाचते.

"आई देवीला काय मागते?"

"सुरभीताईले पुण्याची नोकरी लागू दे!" मुली एका सुरात म्हणाल्या. गावभर ठाऊक होतं ते.

"चूक," कुणीतरी म्हणालं.

तो आवाज सुरभीचा होता. 'चू' जरासा ओढायची तिची सवय. घरी माझं गणित चुकलं की असंच म्हणते. आणि सुरभी समोर नळाशी तोंड पुसत होती.

पोरी नकला करतात, मी म्हणाले. ताईची नक्कल तर हमखास करतात. असं म्हणत मी पोथी मिटली. आतून आवाज आला, "परत सांगा. आई लोकाइले सांगते ते नका सांगू. मुठीत धरून सांगते ते सांगा."

मी उठले. वेळ व्हायला दहा मिनिटं होती, दार कुणी वाजवलं नव्हतं, तरी मी चाबी लावून दार उघडलं.

"ओ काकू! आमचं होतच आलं होतं न!" मुली चिडल्या. सहाच होत्या. चिठ्ठी कुठे नव्हती. पेटीचं झाकण उघडं होतं आणि लाकडी चाबीच्या शेजारी माझं लाल गाठोडं होतं.

मी ते उचलून कनवटीला खोचलं. गाठ मीच बांधलेली, तशीच घट्ट. वरचं फूलही होतं, ताजं.

घाईत पेटीतच राहिलं असेल. कोनाड्यात ठेवल्याचा मला भास झाला असेल. पण पहिल्या तुकडीला ते दिसलं नाही का? देवीला मनातलं सांगावं, कारण ती कुणाला सांगत नाही. चार आठवडे उपाशी राहून मी जिच्यापुढे मन मोकळं केलं, तीच आज पोरांच्या खेळात ते चव्हाट्यावर मांडायला निघाली होती. मला रडू आलं, भीतीपेक्षा या गोष्टीचं जास्त.

४

मुलींनी सुरभीला सगळं सांगितलं. ती आधी कपिलवर धावली. "काहून बे, माह्या आईची मस्करी करतं?"

"तुह्या गळ्याची शपथ, सुरभी, मी काईच नाही केलं!"

"मंग जयानं केलं."

"मी मावशीपाशीच बसली होती," जया म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

शेवटचे सहाजण ओळीत उभे होते. सुरभीनं ओढणी सावरली. "बरं. या टायमाले मीच जाते आत. पाहू कोन चिठ्ठ्या वाटते तं."

"नको जाऊ," मी म्हणाले.

"काहून?"

सांगण्याची तीच वेळ होती. एवढंच म्हणायचं होतं की बाई, मी तुझ्या वाटेत आडवी आले, माफ कर. ती रागावली असती, दोन दिवस बोलली नसती, आणि तिसऱ्या दिवशी पुण्याच्या गाडीत बसली असती.

ती जवळ आली. हळूच म्हणाली, "आई, तू खरंच काय मागते वो?"

"तुहं भलं," मी म्हणाले. "दुसरं काय मागन?"

"तेच तं." तिनं माझा गाल ओढला. "मले ठाऊक हाये. तीनदा वाजवलं की उघडजो बरं." आणि मुलांना घेऊन आत गेली.

मी कुलूप लावलं.

या वेळी आतून कालवा नव्हताच. पोरं कुजबुजत होती. खटके मात्र ठराविक वेळानं होत गेले. पाचव्यानंतर मी दाराला कान लावला. लाकडात उन्हाची ऊब होती.

"आई देवीला काय मागते?" सुरभीचा आवाज.

"माहं भलं." हाही सुरभीचाच.

"चूक."

मुलं हसली नाहीत. कपिल खिडकी सोडून खोलीच्या कोपऱ्यावर आला होता. सुरभीच्या मोबाइलवर कुणाशी तरी बोलत होता, पुण्याचा संध्याकाळचा फोन आधीच आला असावा. हातानं मला खूण करत होता, झालं, झालं.

"मी..." आत सुरभी म्हणाली. रडू आवरायचं असलं की ती असं थांबते. "मी इथंच राहावं, असं?"

"बरोबर."

पेटीची पितळी कडी वाजली. फटीतून लाकडी चाबी आली. नेहमीसारखी घाईनं ढकललेली नव्हती. हळूहळू आली, माझ्या पायाच्या अंगठ्याला लागेपर्यंत.

५

मी दार उघडलं. मुलं एकामागून एक बाहेर आली. मोजली, सहा. कुणी उड्या मारल्या नाहीत. शेवटचा पोरगा दारातून मागे वळून पाहत होता, जयानं त्याला हाताला धरून नेलं.

मग सुरभी आली. माझा हात धरला. तिचा हात कलशातल्या पाण्यासारखा गार होता.

"आई, मी नाही जात पुण्याले," ती म्हणाली. हसरं तोंड. राग नाही, रुसवा नाही. "कायले जाऊ? मी राहते तुह्यापाशी."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मनात म्हटलं, माय, तू पावलीस. मी उगाच शंका घेतली. आणि सवयीनं हात मागे नेऊन दार ओढलं, कुलूप लावलं. तुकडी बाहेर आली की लगेच कुलूप लावायचं, नाहीतर बाकीचे आत घुसतात, असा नियमच होता.

ओढणी तिच्या खांद्यावरून घसरली. पिन नव्हती.

"पिन कुठं गेली व?"

"कोन्ती पिन?" ती म्हणाली.

पडली असेल. पिना पडतातच.

तेवढ्यात आतून दार वाजलं. एकदा. मग जरा थांबून दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

सुरभीनं माझा हात सोडला नाही. तिनं दाराकडे पाहिलंही नाही. मी म्हटलं, "कोनी पोरगं राह्यलं आत." तिच्यासकट खोलीला वळसा घालून मागच्या खिडकीपाशी गेले. कपिल फोन घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत गेला होता. कागदाच्या फाटक्या कोपऱ्याला मी डोळा लावला. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी काळोखच दिसला. मग बाक. तराजू. दाराशी कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, गुडघे पोटाशी घेऊन, कपाळ लाकडाला टेकून. खांद्यावर पिवळं काहीतरी. आणि त्यावर एक लाल ठिपका.

"आई," आतून आवाज आला. फार हळू, जवळच्याच माणसाशी बोलावं तसा. "तीनदा वाजवलं न."

बाहेरची सुरभी माझ्या कानाशी म्हणाली, "घरी चाल न, आई. उद्यापनाची तयारी कराची हाये. पाच सवाष्णी येतीन."

चाबी माझ्या मुठीत होती. एका मुठीत चाबी, दुसऱ्या मुठीत तिचा हात.

मी घरी आले.

६

सगळं छान चाललं आहे, तसं म्हटलं तर. पुण्याला सुरभीच्या जागी जया गेली. निरोप घ्यायला आली तेव्हा सुरभीनं तिला कुंकू लावलं, डबा दिला. जीपमध्ये बसण्याआधी जयानं मला बाजूला घेतलं. "मावशी, सुरभी काहून असं पाह्यते वो? जशी मले वळखतच नाही." मी म्हटलं, थकली आहे बिचारी.

सुरभीचे बाबा म्हणतात, पोरगी शहाणी झाली. पहाटे माझ्याआधी उठते, भाजी निवडते, मी पोथी वाचते तेव्हा समोर बसून ऐकते. कधी उलट बोलत नाही. माझं गणित चुकलं तरी काही म्हणत नाही. कधी कधी मी मुद्दाम चुकते, वाट पाहते. ती नुसती हसते.

शाळेत मी सांगितलं की कुलपाची चाबी गर्दीत हरवली. मारोतराव सर म्हणाले, राहू द्या काकू, आत काय ठेवलं आहे, मे महिन्यात पाडायचीच आहे. पेटी आतच राहिली. चाबी मी सुपारीबरोबर लाल फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवली आहे. इच्छा पुरी झाली की सुपारी नदीत सोडायची असते. अजून सोडली नाही.

त्यानंतर सात गुरुवार झाले. दर गुरुवारी दुपारी मी शाळेत मुलांना साखर-खोबऱ्याचा प्रसाद वाटते आणि येताना गाठोडं कनवटीला खोचून मागच्या खोलीवरून येते. तिथे उंदीर फार आहेत. टिन उन्हानं तडतडतं. पण उंदीर मोजून तीनदा वाजवत नाहीत, हे मलाही कळतं.

अपेक्षा एकदा तिथेच भेटली. पायरीवर बसून दाराकडे बघत होती. मला म्हणाली, "काकू, तुमी म्हणे तीनदा वाजवलं की उघडता."

"घरी जा, बाई," मी म्हणाले. "ऊन लागन."

मागच्या गुरुवारी दार वाजलं नाही. माझा जीव उगाच खाली-वर झाला. मी दाराशी उकिडवी बसले, फटीला कान लावला. आत श्वास होता. मग काहीतरी फरशीवर घासत आलं आणि लाकडी चाबी फटीतून बाहेर आली. त्या दिवशी ती मी चटईबरोबर उचलून घरी आणली होती, असं मला वाटत होतं.

खेळ तिनं पूर्ण केला होता. पाचही गणितं, सहावंही. नियमानं मला उघडायलाच हवं होतं.

लाकडी चाबी मी कपाळाला लावली. घरी सुरभी चुलीपाशी वाट पाहत होती. मी गेल्याशिवाय ती जेवत नाही. मे महिना अजून लांब आहे. एवढी संकष्टी होऊ दे, मग येणारा गुरुवार चांगला आहे, त्या दिवशी नक्की उघडते, मी दाराशी तोंड नेऊन सांगितलं. माझा शब्द आहे, म्हटलं.

आणि दोन बोटांनी ती लाकडी चाबी परत आत सरकवली.